लाईन गेली तेव्हा दिलेला होकार

माझ्या मुलीच्या लग्नाला मी होकार दिला, तो टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत कोण जिंकलं हे कळावं म्हणून. आजवर ही गोष्ट गंमत म्हणून सांगत आले, पण झालं होतं ते असंच. पांढुर्ण्यात लाईन म्हणजे वीज गेली होती, सौंसरात होती, आणि सौंसरची एक बाई मला फोनवर फायनल ऐकवत होती. तिनं विचारलं, मी हो म्हटलं, मग तिनं निकाल सांगितला. मुलगी शेजारच्या खाटेवर बसलेली होती. तिला मी विचारलं नाही.

तेव्हाची मी म्हणजे एक वेगळीच बाई होती, तिला मी 'ती बाई'च म्हणते. गुडघे शाबूत, केस निम्मे काळे, बटनांचा मोबाईल कमरेला खोचलेला. शनिवार-रविवारी संध्याकाळ झाली की तिचा कुकर वेळेआधी उतरायचा, भाजी कच्ची राहायची, आणि दारात कोणी आलं तर ती चौकटीत उभी राहूनच बोलायची, म्हणजे माणूस आत येणार नाही. त्या वेळात कोणाला मरायचं असेल तर त्यानं जाहिरातीत मरावं, असं तिचं साधारण म्हणणं. आमचे हे शाळेत मास्तर. ते म्हणायचे, "परीक्षेचे पेपर तपासाले मी एवढा जीव लावला असता तर आतापर्यंत हेडमास्तर झालो असतो." ती म्हणायची, "थांबा, नाव पुकारून रायले."

गाण्यातलं तिला काही कळत नव्हतं. मलाही कळत नाही. सूर लागला की नाही, हे ती परीक्षकाच्या भुवयांवरून ठरवायची. एखाद्या पोराचं गळकं घर आणि शिलाई मशीनवर वाकलेली आई दाखवली, की हा या आठवड्यात जात नाही हे तिनं आधीच सांगून टाकावं आणि ते खरं निघावं, एवढीच तिची विद्या. तिला आवडायचं ते शेवटचं. पोरं ओळीत उभी राहतात, एकमेकांचे हात धरतात, मागे ढोल वाजतो आणि तो सूत्रसंचालक "और" म्हणून थांबतो. त्या वेळी त्या पोरांच्या चेहऱ्यावर त्यांचं स्वतःचं काही उरत नाही. सगळं दुसऱ्याच्या हातातल्या पाकिटात गेलेलं असतं. ते बघायला ती बसायची. गाणी आपली मध्ये येऊन जायची.

त्या वर्षी एका पोरानं स्टेजवर रडताना आईला "आई" म्हणून हाक मारली. हिंदी कार्यक्रम, सगळे "मम्मी" आणि "माँ" म्हणणारे, त्यात हा एक "आई" म्हणाला. बस. आम्ही मध्य प्रदेशातले मराठी. महाराष्ट्रवाले आम्हाला हिंदीत धरतात, भोपाळवाले मराठीत. आम्हाला आपलं म्हणणारं कोणी नाही, म्हणून आम्हीच ज्याला त्याला आपलं म्हणत सुटतो. तो पोरगा कुठला होता हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. पण पांढुर्णा, तिगाव, सौंसर, लोधीखेडा, सगळीकडे तो "आपला पोट्टा" झाला होता. घरात ज्याचा मोबाईल हाती लागेल त्यावरून ती बाई त्याला वोट करायची. गॅसवाल्याचा मोबाईलही तिनं सोडला नाही.

अशात सौंसरचे पाहुणे मुलीला पाहायला आले. घर चांगलं, सौंसरच्या बाहेर संत्र्याचा बगीचा, मुलगा शिकलेला, कमी बोलणारा. मुलगी पोहे घेऊन आली, बसली. आता रीतीप्रमाणे मुलाच्या आईनं तिला काही विचारायचं. शिक्षण, स्वयंपाक, शिवणकाम, काहीही. पण त्यांची नजर आमच्या टीव्हीकडे गेली. वर मी पिवळ्या फुलांचं भरतकाम केलेलं कव्हर टाकलं होतं.

"ते गाण्याचं पाहता का हो तुम्ही?" त्यांनी मला विचारलं.

"पाहतो म्हणजे? सोडतच नाही."

"मंग कोणाले वोट करता?"

"तो आपला पोट्टा."

"हाव ना. आम्ही बी त्यालेच." त्या माझ्याकडे सरकून बसल्या. "पण ते मधातली परीक्षकीण आहे ना, गोरी, ते त्याले मार्क कमी देऊन रायली. तुमच्या ध्यानात आलं का?"

"आलं म्हणजे काय. मी तर ह्यांले म्हटलंच."

झालं. मुलगी ताटली घेऊन बसलेली, मुलगा खाली बघत बसलेला, दोन्ही बाप संत्र्याचा आंबिया बहार आणि मृग बहार करत होते, आणि आम्ही दोघी त्या परीक्षकीणबाईची सालं काढत होतो. शेवटी ह्यांनीच मुलाला आणि मुलीला म्हटलं, "जा बाप्पा, गच्चीवर बोलून घ्या थोडं, इथं तर या दोघींचीच स्पर्धा चालू आहे."

पाहुणे गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, आत्ता काही सांगू नका. मी इचार करून सांगते." तेव्हा ती बी.एड. करायचं म्हणत होती. हे म्हणाले, "घाई कायची? तुले इचारल्याशिवाय काही नाही." ते मी ऐकलं. स्वयंपाकघरातून नाही, त्याच खोलीतून ऐकलं. म्हणजे ऐकलं नव्हतं असंही आता म्हणायची सोय नाही.

पुढच्या रविवारी फायनल होती. ती बाई दुपारपासून तयारीत. हे संध्याकाळी बाहेर गेले होते. "आपला पोट्टा" आणि दुसरी एक मुलगी, एवढेच दोघे राहिले होते. शेवटचं गाणं सुरू व्हायला आणि लाईन जायला एकच गाठ पडली. आता पांढुर्णा जिल्हा झाल्यावर लाईन कमी जाते म्हणतात. तेव्हा आमच्याकडे लाईन अशी जायची की जसं काही तिचं सासर दुसरीकडे होतं. पण एक होतं, पांढुर्ण्याची गेली म्हणजे सौंसरची गेलेली असेलच असं नाही. म्हणून सगळे एकमेकांच्या गावी फोन करून विचारायचे, तुमच्याकडं आहे का. ती बाई अंधारात चाचपडत कोणाला फोन करणार? सौंसरात तिच्या ओळखीचं नवीन कोण होतं?

"आहे ना आमच्याकडं," मुलाच्या आई म्हणाल्या. "थांबा, फोन टीवीजवळ धरते."

आणि त्यांनी खरंच धरला. पूर्ण गाणं धरून बसल्या. फोनातून ते गाणं डब्यात कोंडल्यासारखं येत होतं, तरी ती बाई डोळे मिटून ऐकत होती. मधे मधे त्या सांगायच्या, "आता त्याची आई उभी रायली. निळी साडी आहे. आता रडून रायली. आता परीक्षक उठले." इतकं नीट, इतकं तपशिलात मला कोणी काही सांगितलं नव्हतं. शेजारच्या खाटेवर मुलगी मेथी निवडत बसली होती, अंधारात, हातानं चाचपून. मेणबत्ती लाव म्हणून मी तिला सांगितलंही नाही. फोनची बॅटरी कमी होती आणि मला तेवढ्याचीच चिंता होती.

मग ढोल सुरू झाला. फोनातून मला ऐकू आलं, "और". आणि आवाज बंद झाला. त्यांनी फोन टीव्हीजवळून काढून कानाला लावला होता.

"सांगते," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं. "पण पहिले तुम्ही आमचं सांगा. पोरगा रोज इचारून रायला, पांढुर्ण्याहून काही आलं का म्हणून."

"हाव, आमच्याकडून पक्कं समजा," ती बाई म्हणाली. "आता सांगा ना लवकर, कोण?"

"ते पोट्टी जिंकली."

"अन् आपला?"

"दुसरा."

एवढं ऐकलं आणि बॅटरी संपली. लाईन थोड्या वेळानं आली. तोवर मुलगी मेथी घेऊन आत गेली होती, काड्या खाटेवर राहिल्या होत्या. हे घरी आले, चपला काढता काढता विचारलं, "काय झालं?"

"हरला," मी म्हटलं. मग म्हटलं, "सौंसरवाल्यांले हो म्हटलं मी."

ते आतल्या दाराकडे पाहत उभे राहिले. आतून फोडणीचा आवाज आला. "तिनं काही म्हटलं नाही ना," मी म्हटलं. आणि खरंच, तिनं काही म्हटलं नव्हतं. त्या रात्रीच्या मेथीत मीठ बरोबर होतं. मी ते यासाठी सांगते, की मला तेवढंच पुरावा म्हणून पुरलं.

लग्न झालं. चांगलं झालं. हळदीच्या वेळी विहीणबाईंनीच सगळ्या बायांना ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली, फोन, ढोल, "पक्कं समजा", सगळं. बाया हसून हसून मांडवाच्या खांबाला टेकल्या. मग ती गोष्ट माझी झाली. बारसं असो, साक्षगंध असो, जामसांवलीच्या मारुतीच्या प्रसादाच्या पंगतीत असो, कोणीतरी म्हणायचं, "आजी, ते लाईनची गोष्ट सांगा." मी सांगायची. दर वेळी थोडं मीठमसाला वाढायचा. एका वर्षी मी त्यात एक वादळ घातलं. वादळ वगैरे काही नव्हतं. मुलगी जवळपास असली तर पाणी आणायला उठायची. मला वाटायचं, सासुरवाशीण आहे, काम असेल.

आणि खरं सांगायचं तर लग्न कोणाचं जमलं असेल तर माझं आणि विहीणबाईंचं. एक स्पर्धा संपली की दुसरी, लहान पोरांची, म्हाताऱ्यांची, मराठीतली, हिंदीतली, आम्ही एकही सोडली नाही. जाहिरात लागली की मी सौंसरला फोन लावायची. पुढे विहीणबाईंना सांधेदुखी झाली, त्या उठायच्या नाहीत, म्हणून फोन मुलगी उचलायची.

"हां आई, बोल."

"सासूले दे. जाहिरात चालू आहे, लवकर दे."

असं किती वर्षं चाललं असेल. आठवड्यात दोन संध्याकाळी मी माझ्या मुलीशी बोलायची ते एवढं. कधी तिचा आवाज बसलेला असायचा, कधी मागे तिची लेक रडत असायची, कधी ती म्हणायची, "आई, मी काय म्हणून रायली होती..." आणि मी म्हणायची, "मंग सांग, मंग, आता पोट्टं गाऊन रायलं." ते मंग कधी यायचं नाही. जाहिराती आमच्या हिशेबानं फार लहान असत. विहीणबाई फोन घेऊन म्हणायच्या, "पाहिलं का? आजी आणून बसवली त्यानं. आता दोन हप्ते कोणी हलवत नाही त्याले." आम्ही दोघी हसायचो. त्यांचं हसणं आत ओढल्यासारखं असे, आवाजाशिवाय.

विहीणबाई गेल्या. शुगर होतीच, मग नागपूरला ने-आण, मग नाही. मी गेले, राहिले, सगळं रीतीनं झालं. मला रडू आलं नाही. वय झालं की पाणी कमी होत असेल शरीरातलं.

तेरवीला जेवणं झाल्यावर बाया मधल्या खोलीत बसल्या होत्या. कोणीतरी म्हटलं, "लय हसरी होती बाई. आजी, ते लाईनची गोष्ट सांगा एकदा, त्याईच्या आठवणीत." मी सांगितली. गोष्ट माझ्या तोंडातून आपोआप निघत होती, जसं नळातून पाणी निघतं. वादळही आलं, ढोलही वाजला. सौंसरच्या बाईच्या जागी मी पदर तोंडाला लावून "सांगते" म्हटलं तेव्हा सगळ्या हसल्या, डोळे पुसत हसल्या. माझी नात, आता कॉलेजात आहे, ती तर लोळली. "आई," ती माझ्या मुलीला म्हणाली, "म्हणजे तो सिंगर हरला अन् तुझं लग्न लागलं."

मुलगी पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. ती त्या वेळी उठून गेली नव्हती, आलेली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हतं. काहीच नव्हतं. तिनं सगळ्यांना पाणी दिलं, मलाही दिलं, आणि रिकामा जग घेऊन परत गेली.

मी पांढुर्ण्याला आले. शनिवारी टीव्ही लावला. नवीन स्पर्धा सुरू झाली होती. एक मुलगी गायली, तिचे वडील रिक्षा चालवतात असं दाखवलं, परीक्षक रडले, मागचे वाजवणारेही रडले. मी बघत होते. आपल्याला काय होतं ते बघत होते खरं तर, आणि काही होत नव्हतं. ह्यांनी विचारलं, "कशी गायली?" मी म्हटलं, "गायली." जाहिरात लागली तेव्हा माझा हात मोबाईलकडे गेला आणि फोन लागलाही. पलीकडून मुलगी म्हणाली, "हां आई, बोल."

"सासूले दे," मी म्हटलं.

म्हणून झाल्यावर मला कळलं काय म्हटलं ते.  मागे त्यांच्याकडेही तीच जाहिरात वाजत होती.

"आई," ती म्हणाली, "मीच आहे इथं."

"हाव," मी म्हटलं. "काय करून रायली?"

"काही नाही."

 जाहिरात संपली. तिनं फोन ठेवला की मी, आठवत नाही. पुढचं गाणं मी आवाज बंद करून पाहिलं. आवाज बंद केला की ती पोरं फक्त तोंड उघडतात आणि मिटतात. तरी शेवटी ओळीत उभं केल्यावर चेहरे तेच होतात, आवाजाची गरज लागत नाही. मला पहिल्यांदा असं वाटलं, की लाईन गेली त्या संध्याकाळी आमच्या खोलीत एक चेहरा होता आणि तो मी पाहिला नाही. अंधार होता म्हणून नाही. माझं तोंडच दुसरीकडे होतं.

हे वाटून मला फार काही झालं असं नाही. चहा ठेवावा तसं मी ठरवलं, उद्या सौंसरला जायचं. हे म्हणाले, "आत्ताच तर आली ना तिकडून?" मी म्हटलं, "एक विचारायचं राहिलं." त्यांनी काय म्हणून विचारलं नाही. एस.टी. आमच्याकडे आता नाही, खासगी गाड्या चालतात, त्यातल्या एकीत मला बसवून दिलं आणि म्हणाले, "गोष्ट नको सांगू तिले. इचार फक्त."

मुलगी मागच्या ओसरीत ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले, मूठभर ओढून घेतल्या. जावई बगीच्यात गेलेले. चांगला माणूस आहे, मी कधी वाईट म्हटलं नाही. मला पाहून आधी पाणी आणून देतो, मग बोलतो, तेही थोडं. मुलीनं बी.एड. पुढे इथूनच केलं, आता शाळेत शिकवते. म्हणजे वाईट काहीच झालं नाही. हे मी रस्ताभर स्वतःला सांगत आले होते.

"तुह्या सासूची खाट काढली काहून?" मी म्हटलं.

"पोरीले अभ्यासाले जागा पायजे होती."

"बरं केलं."

आम्ही सोलत राहिलो. कोवळे दाणे वाटीत, कीड लागलेले बाजूला. मी सुरुवात कशी करावी याच्या दोन-तीन तऱ्हा गाडीत ठरवून आणल्या होत्या, त्यातली एकही आठवेना. आयुष्यभर तोंड चाललेली बाई मी.

"तुले राग आहे का माह्यावर?" शेवटी विचारलं.

"कायचा?"

"लाईन गेली होती, त्या दिवसाचा."

"त्याले किती वर्षं झाली, आई."

"झाली ना. मी त्या दिवशी बी इचारलं नाही, अन् मंग बी इचारलं नाही. आता इचारून रायली. तुले हे घर पसंत होतं का नव्हतं?"

तिनं हातातली शेंग पूर्ण सोलली. दाणे वाटीत टाकले. माझ्याकडे पाहिलं नाही, पण तोंड फिरवलंही नाही.

"पसंत होतं," ती म्हणाली. "गच्चीवर बोलले तवाच मले ते पसंत पडले होते. सोमवारी बाबांले सांगणार होती मी. तू इचारलं असतं तर मी होच म्हटलं असतं, आई. आता माह्या पोरीनं मले इचारलं का तुह्यं लग्न कसं जमलं, तर माह्याजवळ सांगाले काही नाही. हो बी तूच म्हटलं, अन् गोष्ट बी तूच सांगते."